एका कुशीचं गणित

१९९३ च्या मे महिन्यात स्वीडनमधल्या ओरेब्रो इथल्या इस्पितळात कोरे वॉल्कर्ट नावाच्या गृहस्थांचं घोरणं यंत्र लावून मोजलं गेलं. आकडा आला ९३ डेसिबल, आणि तो थेट गिनीजच्या विक्रमांच्या बुकात जाऊन बसला. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांच्या पाळीला आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. म्हणजे हे गृहस्थ कारखाना असते, तर शेजारी झोपणाऱ्याला कानात घालायचे बोळे मालकाला द्यावे लागले असते.

सुरतेत उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणाऱ्या आपल्या खानदेशी माणसाला या आकड्याचं फार नवल वाटणार नाही. शटलचे लूम खडखडत असतात त्या खात्यात आवाज ९५-१०० डेसिबलच्या आसपास असतो आणि पाळी असते बारा तासांची. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने येऊन या शहरात स्थिरावलेल्या घरांत असा एखादा तरी कर्ता पुरुष सापडतोच, जो दिवसभर लूमचा आवाज ऐकतो आणि रात्रभर घरच्यांना ऐकवतो. घरच्यांनीही ते मान्य केलेलं असतं. दमलेला माणूस घोरणारच, त्यात काय विशेष!

विशेष आहे ते घोरणं मध्येच बंद पडण्यात. घोरणं चालू आहे तोवर निदान हवा आत-बाहेर करते आहे. आवाज एकदम थांबतो, छाती-पोट वर-खाली होत राहतं पण नाकातोंडातून काही जात-येत नाही, आणि मग एक मोठा आचका देऊन माणूस पुन्हा घोरू लागतो. त्या मधल्या शांततेचं माप वैद्यकशास्त्राने ठरवून ठेवलं आहे : १० सेकंद. झोपेत श्वास निदान दहा सेकंद थांबला तर तो ॲप्निया. पुरता थांबला नाही, पण बराच घटला आणि त्यापायी रक्तातला प्राणवायू उतरला किंवा मेंदू दचकून जागा झाला, तर तो हायपोप्निया. दोन्हींची बेरीज करायची, झोपेच्या तासांनी भागायची, की ‘एएचआय’ नावाचा आकडा मिळतो. पाचाच्या आत असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र.

ताशी तीस हा आकडा कानाला साधा वाटतो, म्हणून तो एकदा नीट मांडून बघू. सात तासांची झोप धरली तर रात्रीत २१० वेळा श्वास अडला. वर्षाचे झाले ७६,६५०. प्रत्येक वेळी सरासरी वीस सेकंद धरले, तर रात्रीचे ४,२०० सेकंद, म्हणजे ७० मिनिटं. वर्षाचे सव्वाचारशेच्या वर तास. दिवसांत सांगायचं तर हा माणूस वर्षातले जवळजवळ पावणेअठरा दिवस पुरेशा हवेवाचून काढतो, आणि सकाळी विचारलं तर सांगतो, झोप मस्त लागली होती! दोनशे दहांपैकी एकही खेप त्याला आठवत नाही. मेंदू जागा होतो तो काही सेकंदांपुरता, घशाचे स्नायू ताणून वाट मोकळी करण्यापुरता. जाग आठवणीत उतरायला एवढा वेळ पुरत नाही. आठवतं ते शेजारी झोपलेल्या बायकोला.

आता हेच जगाच्या मापाने. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने ३० ते ६९ वयातल्या किती लोकांचा एएचआय पाचाच्या वर असेल याचा अंदाज बांधला. उत्तर आलं ९३ कोटी ६० लाख. पंधराच्या वर असणारे ४२ कोटी ५० लाख. यादीत चीन पहिला, मग अमेरिका, ब्राझील आणि भारत. या ९३.६ कोटींपैकी प्रत्येकाचा आकडा कमीत कमी, म्हणजे पाचच धरू. झोप सात तास, आणि दर खेपेला कमीत कमी दहा सेकंद. रात्रीत ३,२७६ कोटी वेळा श्वास अडला. त्याचे सेकंद ३२,७६० कोटी. वर्षांत बदलले तर १०,३८० वर्षं. एका रात्रीत! माणूस नुकता शेती करायला शिकत होता तिथपासून आजपर्यंतचा काळ, आणि हा सगळ्यांत कंजूष हिशेब आहे.

भारतापुरतं बघायचं तर दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी देशातले जुने अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये आकडे मांडले. प्रौढांत प्रमाण ११ टक्के : पुरुषांत १३, बायकांत ५. कामकरी वयाच्या लोकसंख्येत हे होतात १० कोटी ४० लाख, आणि त्यातले ४ कोटी ७० लाख मध्यम किंवा तीव्र गटातले. वरच्याच कंजूष रीतीने यांची एका रात्रीची बेरीज केली तर साडेअकराशे वर्षं येतात. आजपासून तेवढं मागे गेलात तर राष्ट्रकूटांच्या राज्यात पोहोचाल.

मुंबईचा आकडा याहून जुना आहे आणि जास्त बोलका. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष. हे कोणी झोपेची तक्रार घेऊन आलेले पेशंट नव्हते, वर्षाची तपासणी उरकून कामाला जाणारी मंडळी होती. त्यांच्यातल्या अडीचशे जणांची घरी झोपेत तपासणी झाली. १९.५ टक्क्यांचा एएचआय पाचाच्या वर निघाला, आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही होती. दर तेरा-चौदा धडधाकट मुंबईकरांमागे एक. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईतच संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून या विकाराचं नाव घेतलं, आणि चार दिवस ते वर्तमानपत्रांत आलं. नंतर सगळे पुन्हा घोरू लागले.

सुरतेसाठी मी कागद-पेन्सिल घेतली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ४४ लाखांवर माणसं होती. आज शहर त्याहून कितीतरी फुगलं आहे, पण तीच जुनी संख्या घेऊ. त्यातले दोन तृतीयांश प्रौढ, म्हणजे ३० लाखांच्या आसपास. त्यांचे ११ टक्के झाले ३ लाख ३० हजार. वानखेडे स्टेडियम ३३ हजारांचं धरलं तर अशी दहा वानखेडे भरतील. हे देशाच्या सरासरीवरून काढलेलं गणित आहे, सुरतेत घरोघरी जाऊन कोणी मोजलेलं नाही, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ. ज्या शहरात हिरा सेंटमध्ये तोलतात, म्हणजे दोन मिलिग्रॅमचाही हिशेब होतो, तिथे झोपेतली रोजची सत्तर मिनिटं मात्र कोणाच्या वहीत नसतात.

इथवरचे आकडे घाबरवणारे होते. यापुढचे आकडे मला जास्त चकित करतात, कारण त्यांत उपाय दडला आहे, आणि तो कुशीवर वळण्याइतका साधा आहे.

आधी घसा कसा बांधलेला आहे ते बघावं लागेल. नाकाला हाडाचा आधार, खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी. मधला घसा मात्र नुसता मांसाचा, कारण त्याला गिळायचंही असतं आणि बोलायचंही. जागेपणी स्नायू तो ताणून उघडा ठेवतात, झोपेत ते सैलावतात. पुरुषाची जीभ साधारण ७० ग्रॅमची. उताणं झोपलं की ही जीभ, मऊ टाळू आणि पडजीभ गुरुत्वाकर्षणाने मागे घशावर येतात. कुशीवर झोपलं की तोच भार गालाकडे सरकतो आणि मागची वाट उघडी राहते. सत्तर ग्रॅम आणि नव्वद अंश, एवढाच फरक. जाड मानेच्या माणसाला हा त्रास जास्त होतो हे खरं, पण लहान किंवा मागे सरलेल्या हनुवटीच्या सडपातळ माणसालाही होतो, आणि आशियाई चेहऱ्याच्या ठेवणीमुळे आपल्याकडे कमी वजनातही तो दिसतो. ‘आमचे हे काही जाड नाहीत’ या सबबीत म्हणून अर्थ नाही.

जेवून डाव्या कुशीवर लवंडायची वामकुक्षी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण तिचा संबंध पचनाशी लावलेला. श्वासाचा हिशेब मांडला तो शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी, १९८४ मध्ये. त्यांनी घालून दिलेलं माप आजही वापरतात : उताण्या झोपेतला एएचआय कुशीवरच्या एएचआयच्या निदान दुप्पट असेल, तर त्या माणसाचा ॲप्निया ‘पोझिशनल’, म्हणजे झोपण्याच्या स्थितीवर अवलंबून असलेला. असे लोक किती? इस्रायलमध्ये अरी ओक्सेनबर्ग यांनी ५७४ रुग्णांच्या रात्री तपासल्या आणि १९९७ मध्ये आकडा छापला : ५५.९ टक्के. निम्म्याहून जास्त! आपल्या कागदी सुरतेला हे प्रमाण लावलं तर ३ लाख ३० हजारांतले जवळपास १ लाख ८५ हजार लोक असे निघतात, ज्यांचा आजार पाठीवर एक आणि कुशीवर दुसरा आहे.

इथे एक काल्पनिक आप्पा घेऊ. उधन्यात राहतात, लूमच्या खात्यात मास्टर आहेत, वय अठ्ठेचाळीस. उताणे झोपले की ताशी ४० वेळा श्वास अडतो, कुशीवर ताशी ८ वेळा. झोप सात तास. आता रात्रीमागून रात्र बघा. पहिल्या रात्री आप्पा पाच तास उताणे आणि दोन तास कुशीवर झोपले : २०० अधिक १६, म्हणजे २१६, भागिले सात, एएचआय जवळपास ३१. रिपोर्टवर ‘तीव्र’. दुसऱ्या रात्री तीन तास उताणे, चार तास कुशीवर : १५२ खेपा, एएचआय २१.७, म्हणजे ‘मध्यम’. तिसऱ्या रात्री एकच तास उताणे : ८८ खेपा, १२.६, ‘सौम्य’. सबंध रात्र कुशीवर काढली तर ५६ खेपा, एएचआय ८. घसा तोच, वजन तेच, मान तेवढीच. तीन रात्रींत माणूस तीव्रातून सौम्यात आला आणि मधे एक गोळीही घेतली नाही. पहिल्या आणि शेवटच्या रात्रीत १६० खेपांचा फरक आहे. वर्षाचा केला तर ५८,४००.

यात एक मेख आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. झोपेची तपासणी इस्पितळात होते तेव्हा डोक्याला, छातीला, पायाला मिळून वीसेक तारा चिकटवलेल्या असतात, नाकात नळी, बोटाला चिमटा. अशा अवस्थेत माणूस वळायला बिचकतो आणि घरी झोपतो त्यापेक्षा जास्त वेळ उताणा पडून राहतो. हे मोजून दाखवलेलं आहे. डेन्मार्कच्या ६६४ जणांच्या झोपेत मांडी, हात आणि पाठीवर यंत्र बांधून घरीच नोंद केली, तर त्यांचा ५४ टक्के वेळ कुशीवर, ३७.५ टक्के उताणा आणि ७ टक्के पालथा निघाला होता. म्हणजे घरी आपण मूळचे कुशीवर झोपणारे, आणि परीक्षेच्या रात्री उताणे. त्या एका रात्रीची सरासरी आप्पांच्या फायलीत कायमची बसते. उलटंही घडतं. तपासणीच्या रात्री कोणी योगायोगाने कुशीवरच झोपलं, तर ‘सौम्य आहे, काळजी नको’ असं ऐकून घरी येतं आणि पाठीवर पडून पुन्हा गुदमरू लागतं. सरासरी ही गोष्ट बऱ्याचदा खरं बोलून फसवते.

बरं, हे कळल्यावर करायचं काय? १९८४ मध्येच ‘चेस्ट’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र छापून आलं. मथळा असा की रुग्णाच्या बायकोने त्याचं घोरणं बरं केलं. बाईंनी नवऱ्याच्या बनियनला पाठीमागून एक खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं होताच चेंडू टोचणार, गडी आपोआप कुशीवर. ज्या शहरात दिवसाला कोट्यवधी मीटर कापड विणलं जातं तिथे अशा खिशाला चिंधीची उणीव पडायची नाही, चेंडूचा खर्च तेवढा. (या उपायाची पहिली आवृत्ती कोपरखळी. ती घराघरांत चालते, फक्त तिच्यात देणाऱ्याचीही झोप जाते.)

उपाय स्वस्त आहे आणि चालतो. माणसं तो चालवत नाहीत, ही अडचण. ऑस्ट्रेलियात ॲडलेडमधल्या संशोधकांनी असा चेंडू दिलेल्या रुग्णांना सरासरी अडीच वर्षांनी विचारलं. उत्तर देणाऱ्या ६७ जणांत चेंडू अजून लावणारे किती? चार. सहा टक्के. आणखी नऊ जणांनी चेंडू सोडला होता, कारण कुशीवर झोपायची सवयच लागली असं त्यांचं म्हणणं. बाकीचे, म्हणजे पाचांतले चार, पुन्हा होते तिथे. मुख्य तक्रार : टोचतो.

म्हणून पुढे थरथरणारी यंत्रं आली. काडेपेटीच्या मापाचं खोकं छातीला किंवा मानेला बांधायचं. उताणं झालात की मोबाइलसारखं थरथरतं, आणि वळेपर्यंत थरथर वाढवत नेतं. हॉलंडमध्ये १४५ जणांवर सहा महिने हा प्रयोग झाला. उताण्या झोपेचा वाटा २१ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. चेंडूपेक्षा ही यंत्रं महाग, पण जे दोन वर्षं बांधून ठेवलं जातं त्याची किंमत दोन वर्षांवर वाटायची असते, एवढं व्यापारी शहराला सांगायला नको.

ज्यांना कुशीवर झोपून खांदा दुखतो त्यांच्यासाठी पलंग तिरका करण्याची युक्ती आहे. ब्राझीलमध्ये पलंगाची उशाकडची बाजू साडेसात अंशांनी उचलून बघितली. एएचआयचा मध्यक १५.७ वरून १०.७ वर आला, जवळपास एक तृतीयांश घट. सहा फुटी पलंगाला साडेसात अंश द्यायचे तर उशाकडचं टोक सव्वानऊ-साडेनऊ इंच वर घ्यावं लागतं. उशांची चळत रचून हे होत नाही, तिने मान पुढे मुडपते आणि वाट आणखी दबते.

आणि शंख! २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम ॲप्नियाच्या ३० रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्यातले पाच दिवस निदान पंधरा मिनिटं शंख फुंकायचा, दुसऱ्याने नुसते दीर्घश्वसनाचे व्यायाम करायचे. सहा महिन्यांनी शंखवाल्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी उतरली आणि ताशी चार-पाच खेपा कमी झाल्या. घशाच्या स्नायूंना तालीम मिळते हे कारण. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डिजरिडू या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या वाद्याने हेच दाखवलं होतं. तीस जणांवरचा प्रयोग छोटाच. एवढ्यावरून कोणी औषध सोडून शंख हाती घेऊ नये. पण चाळीतल्या शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली तर आता निदान कारण सांगता येईल.

उरलं ते मोठं यंत्र, सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर आणि चेहऱ्यावर चिकटवलेला मुखवटा वापरून ते बनवलं आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा वृत्तांत लिहिला. नाकातून हवेचा हलका दाब सतत देऊन घसा आतून उघडा ठेवायचा, ही कल्पना. दाब किती? पुष्कळांना पाण्याच्या दहा सेंटिमीटर उंचीएवढा पुरतो. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब याच मापात १,०३३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे रात्रभर गुदमरणं आणि रात्रभर शांत झोप यांतलं अंतर वातावरणाच्या एक टक्क्याचं! तीव्र आजाराला आजही याच्या तोडीचा उपाय नाही.

पण मुखवटा रोज लावणार कोण? रात्री निदान चार तास वापर झाला तर ‘नीट वापरतो’ म्हणायचं, असं सौम्य माप ठेवूनही वेगवेगळ्या अभ्यासांत ४६ ते ८३ टक्के रुग्ण नापास झालेले आहेत. यंत्राची किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरात सुरू होते, आणि ती लूमवाल्याच्या एका पगारात मावत नाही. मग ते यंत्र दिवाळीनंतर कपाटावर चढतं.

सीपॅप आणि कुशी या दोन उपायांची तुलना कॉक्रेन या जगभर मान असलेल्या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिचे पहिले लेखक बंगळूरच्या निम्हान्सचे, श्रीजितेश. एकूण आठ अभ्यास, ३२३ रुग्ण; सीपॅपशी थेट तुलना त्यांतल्या काहींतच. निष्कर्ष मोठा समंजस आहे. श्वास अडण्याच्या खेपा कमी करण्यात सीपॅप सरस, ताशी सुमारे ६.४ ने. वापर टिकवण्यात कुशीचा उपाय सरस, रात्रीला सुमारे अडीच तासांनी. म्हणजे एकात जोर जास्त आणि दुसऱ्याला सातत्य जास्त. माझं मत विचाराल तर सौम्य-मध्यम पोझिशनल रुग्णाला डॉक्टरांनी कुशीचा पर्याय आधी, निदान बरोबरीने सांगायला हवा, आणि यंत्राच्या जाहिरातीखाली तो दडता कामा नये.

त्याच दमात दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी यंत्र परत करायला निघेल. अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी २००५ मध्ये कडक माप लावलं : दुप्पट तर हवंच, शिवाय कुशीवरचा आकडा पाचाच्या आत यायला हवा, म्हणजे नुसत्या कुशीवर काम भागेल असे रुग्ण. सौम्य गटात असे ४९.५ टक्के निघाले, मध्यम गटात १९.४ आणि तीव्र गटात अवघे ६.५. पंधरांत एक. ज्याचा एएचआय पन्नास आहे त्याने बनियनला चेंडू शिवून यंत्र बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, गाडी चालवताना डुलकी लागून होणारे अपघात, अनियमित ठोके, पक्षाघात हे सगळे याच वाटेवरचे मुक्काम आहेत. बारा तास फिरत्या यंत्रासमोर उभं राहणाऱ्याच्या पेंगेची किंमत तर बोटांत मोजावी लागते. आपले काल्पनिक आप्पाही कुशीवर आठावरच थांबले, पाचाच्या आत आले नाहीत. त्यांना थोडं वजन उतरवावं लागेल आणि रात्री झोपेच्या गोळ्या घेत असतील तर त्या बंद करता येतात का ते डॉक्टरांना विचारावं लागेल. दारूनेही घसा सैलावतो, पण गुजरातेत दारूबंदी असल्याने या वाक्याची कागदोपत्री गरज नाही.

बायकांबद्दल दोन शब्द. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या प्रसिद्ध अभ्यासातून १९९७ मध्ये असं दिसलं की मध्यम-तीव्र आजार असलेल्या पुरुषांत ८२ टक्क्यांचं आणि बायकांत ९३ टक्क्यांचं निदानच झालेलं नव्हतं. बाई जोरात घोरत नाही, किंवा घोरते हे घरात कोणी बोलत नाही. ती सांगते झोप लागत नाही, डोकं दुखतं, थकवा येतो. मग रक्त वाढायच्या गोळ्या मिळतात. पाळी गेल्यानंतर हे प्रमाण वाढतं, म्हणून पन्नाशीच्या आईची ‘हल्ली फार दमते’ ही तक्रार निदान एकदा तरी या कोनातून बघा.

घरच्या घरी करण्यासारखं एवढंच आहे. घोरणारा माणूस उताणा असताना दहा मिनिटं मोबाइलवर चित्रीकरण करा, मग कुशीवर असताना दहा मिनिटं. गळ्याचा घेर टेपने मोजा. ४० सेंटिमीटरच्या वर असेल, त्यात रक्तदाब असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर दोन्ही चित्रफिती घेऊन छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागात जा. सुरतेत मजुरा गेटचं न्यू सिव्हिल आहे, महापालिकेचं स्मीमेर आहे. तपासणी हल्ली घरी झोपूनही होते.

आणि तपासणी झाली की रिपोर्टच्या पहिल्या पानावरचा ठळक आकडा वाचून उठू नका. छातीवरच्या पट्ट्यात बहुतेक वेळा स्थिती टिपणारा सेन्सर असतो, त्यामुळे उताणं किती मिनिटं, कुशीवर किती मिनिटं आणि दोन्हींचा वेगवेगळा एएचआय किती, असा तक्ता आतल्या पानावर असतो. तो उघडून डॉक्टरांसमोर ठेवा. नसेल तर मागून घ्या. यंत्राच्या किमतीचं बोलणं त्यानंतर करा.